गेमिंग मॉनिटर आत्ता बदलावा की अजून थांबावं? डेल जी२७२४डी वापरून झालेलं माझं मत

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना सगळं वाचत बसायला नको. तुमच्या टेबलावर आज २४ इंची फुल एचडी मॉनिटर असेल, मग तो ६०-७५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) असो नाहीतर १४४ चा, आणि पीसीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० किंवा त्याच्या वरचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर २७ इंची क्यूएचडी (२५६० बाय १४४० पिक्सेलचा) आयपीएस (हा एलसीडी पॅनेलचा एक प्रकार) मॉनिटर आत्ताच घ्या, थांबून हाताला काही लागणार नाहीये. आणि तुमचा डोळा ओलेडवर, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणाऱ्या पॅनेलवर, असेल, आणि त्याच स्क्रीनवर दिवसभर ऑफिसचं कामही करायचं असेल, तर थांबा, अगदी बजेट असलं तरी थांबा. क्यूएचडी आयपीएस आता पुरतं स्थिरावलंय, ओलेड अजून दर वर्षी बदलतंय, आणि सगळं त्यावरच येऊन थांबतं.

आता सविस्तर. मी पुण्यात राहतो, काम आयटीतलं आणि बरंचसं घरूनच, म्हणजे सकाळी लॅपटॉप लावून मेल, एक्सेल, कोड, आणि रात्री जेवणं झाली की त्याच खुर्चीत बसून गेम. पीसी म्हणाल तर रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवाला. आधी माझ्याकडे २४ इंची फुल एचडी १४४ हर्ट्झचा मॉनिटर होता, कंपनीचं नाव घेत नाही, त्याने सेवा चांगली दिली पण शेवटी शेवटी खालच्या कोपऱ्यातून बॅकलाइट एवढा झिरपायला लागला होता की अंधाऱ्या सीनमध्ये तिथे कायम पहाट झाल्यासारखं दिसायचं. तो बदलून डेलचा जी२७२४डी घेतला आणि आता तो इतका वापरून झालाय की त्याच्याबद्दल बोलायला हरकत नाही.

हा मॉनिटर काही नवा नाही, २०२३ चं मॉडेल आहे. २७ इंच, २५६० बाय १४४०, १६५ हर्ट्झ, फास्ट आयपीएस पॅनेल, दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. स्पीकर नाहीत, यूएसबी हब नाही, टाइप सी नाही. हे आधीच माहीत असू द्या, कारण बऱ्याच जणांना लॅपटॉप एकाच टाइप सी केबलने जोडायचा असतो, चार्जिंगही त्याच्यातूनच हवं असतं, तसलं इथे काही मिळत नाही. मी लॅपटॉप एचडीएमआयने आणि पीसी डिस्प्लेपोर्टने जोडलाय आणि मागच्या जॉयस्टिकने इनपुट बदलतो, दोन सेकंदांचं काम आहे, पण कीबोर्ड-माउस मात्र वेगळे बदलावे लागतात. ज्यांना ते नको त्यांनी गिगाबाइटचा एम२७क्यू बघा, त्यात केव्हीएम आहे म्हणजे एकाच कीबोर्ड-माउसवर दोन्ही मशीन चालतात, फक्त त्याच्या पॅनेलमध्ये लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा आहे त्यामुळे अक्षरं थोडी वेगळी दिसतात. हा अक्षरांचा मुद्दा पुढे ओलेडच्या वेळी परत येणारच आहे.

स्टँडबद्दल मला मनापासून चांगलं बोलायचंय. वर-खाली होतो, डावीकडे-उजवीकडे वळतो, अख्खी स्क्रीन उभीसुद्धा करता येते. स्वस्तातल्या गेमिंग मॉनिटरमध्ये कंपन्या सगळ्यात आधी कात्री लावतात ती स्टँडला, फक्त पुढे-मागे झुकणारा एक दांडका देतात, आणि मग लोक खाली इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं रचून उंची मिळवतात. दिवसाचे आठ-नऊ तास समोर बसणाऱ्या माणसाच्या मानेसाठी ही गोष्ट रिफ्रेश रेटपेक्षा मोठी आहे. तुमच्या आवडीच्या मॉडेलला असा स्टँड नसेल तर वेगळ्या मॉनिटर आर्मचे पैसे आधीच हिशेबात धरा, आणि मागे आर्म बसवायची वेसाची चार भोकं आहेत का तेही बघून घ्या.

आता चित्र. २४ इंची फुल एचडीवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, २७ इंची क्यूएचडीवर १०९. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो पण एक्सेल उघडलं की कळतं, जास्त ओळी आणि जास्त कॉलम दिसतात आणि तरी अक्षर आधीपेक्षा रेखीव. सायबरपंक २०७७ मध्ये रात्रीच्या वेळी लांबच्या दुकानांच्या पाट्या, तारा, जाळ्या, हे सगळं आधी लुकलुकत असायचं, ते आता शांत दिसतं. हेच २७ इंच फुल एचडीमध्ये घेतलंत तर मात्र इंचाला ८२ पिक्सेलच उरतात, म्हणजे २४ इंचीपेक्षाही कमी. दुकानात असे २७ इंची फुल एचडी मॉनिटर भरपूर दिसतात, किंमत बघून मोह होतो, मोठी स्क्रीन आणि तेही स्वस्तात, पण हातभर अंतरावर बसून काम करणाऱ्याने तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एचडीआरचं, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद काळोख एकत्र दाखवणाऱ्या चित्राचं काय? खोक्यावर एचडीआर ४०० लिहिलेलं असतं, त्याच्याकडे बघून एक रुपयाही जास्त देऊ नका. खरं एचडीआर दिसायचं तर एकाच वेळी एक कोपरा लख्ख आणि दुसरा गडद काळा ठेवता आला पाहिजे. त्यासाठी एकतर मिनी एलईडीसारखे मागच्या लाइटचे शेकडो वेगळे झोन लागतात नाहीतर ओलेड. साध्या आयपीएसमध्ये मागचा लाइट सरसकट लागतो, कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक, म्हणजे रात्री खोलीतला दिवा बंद केला की काळा रंग राखाडीकडे झुकणार. या मॉनिटरलाही ते लागू आहे. मी विंडोजमध्ये एचडीआर बंदच ठेवलंय आणि मागे भिंतीवर एक मंद दिवा लावतो, तेवढ्याने भागतं.

आता मूळ प्रश्न, थांबावं का. लोक थांबतात त्याची कारणं मी ऐकत असतो आणि ती सगळी एकसारखी वजनाची नाहीत.

पहिलं कारण, पुढच्या वर्षी याच पैशात जास्त हर्ट्झ मिळतील. मिळतील ना, नक्की मिळतील. हा जी२७२४डी आला तेव्हा १६५ वर होता, नंतर १८० वाले आले, आता २०० च्या वरचेही दिसतात. पण गणित करून बघा. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं, १६५ वर ६.१ मिलिसेकंद, म्हणजे दहाच्या वर मिलिसेकंदांचा फरक, तो कोणालाही जाणवतो, नुसता माउस हलवला तरी जाणवतो. १६५ वरून १८० ला गेलात तर ६.१ चे ५.६ होतात, अर्धा मिलिसेकंद. त्या अर्ध्या मिलिसेकंदासाठी वर्षभर जुन्या स्क्रीनकडे बघत बसायचं हे मला पटत नाही. २०१५ साली एसरचा एक्सबी२७०एचयू आला होता, २७ इंच, क्यूएचडी, १४४ हर्ट्झ आणि आयपीएस हे सगळं एकत्र देणारा पहिला, आणि अमेरिकेत त्याला ८०० डॉलरच्या आसपास मोजावे लागायचे. तेव्हा थांबणाऱ्यांनी शहाणपणा केला. आज तेच सगळं साधारण वीस ते पंचवीस हजार रुपयांत मिळतंय, कधी सेलमध्ये त्याच्याही खाली, आता उतरून उतरून किती उतरणार?

दुसरं कारण, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा व्हॉट्सअॅपवर सगळीकडे फिरत होतं की टीव्ही-मॉनिटर स्वस्त झाले, आणि अजूनही काही जण दुकानदाराशी त्यावरून वाद घालतात. तो २८ चा १८ टक्के झाला तो ३२ इंचाच्या वरच्या स्क्रीनसाठी. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के होता. म्हणजे २७ इंचीवाल्याला काही फरक पडला नाही, पण ३४ इंची अल्ट्रावाइडवर (जास्त रुंद, लांबट स्क्रीनवर) डोळा असणाऱ्याला मात्र खरंच फायदा झाला, त्याने थांबून ठेवलं असेल तर आता घ्यायला हरकत नाही.

तिसरं, जीटीए ६ हा गेम येऊ दे मग बघू. हे तर मी इतक्या पोरांकडून ऐकलंय. जाहीर झालंय ते पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख, तीही आधी दोनदा पुढे ढकलून. पीसीची तारीख जाहीर केलेलीच नाही. ज्या गेमची पीसीवर तारीखच नाही त्याच्यासाठी मॉनिटर अडवून धरायचा म्हणजे मधले सगळे गेम जुन्या स्क्रीनवर खेळायचे. तुमच्याकडे पीएस५ असेल तर गोष्ट वेगळी, पीएस५ ला सप्टेंबर २०२२ पासून १४४० पी, म्हणजे क्यूएचडी, चालतं, पण कन्सोलसाठी मॉनिटर घेताना एचडीएमआय पोर्ट कुठला आहे, १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) कन्सोलवरून मिळतं का, हे त्या मॉडेलच्या पानावर वाचूनच घ्या.

चौथं कारण सगळ्यात वजनदार आहे आणि ते मॉनिटरचं नाहीच, बाकीच्या पीसीचं आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कसे चढले ते ज्यांनी या काळात पीसी बांधला त्यांना विचारा. एआयची डेटा सेंटर्स सगळी मेमरी उचलतायत, मायक्रॉनसारख्या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम महाग, एसएसडी महाग, ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते त्यामुळे तिकडेही तोच ताण. लोक म्हणतात की सगळं शांत होऊ दे, मग पूर्ण पीसी आणि मॉनिटर एकदमच बदलू. मला नेमकं उलटं वाटतं. मॉनिटरमध्ये तशी मेमरी जवळपास लागतच नाही, त्यामुळे आज पीसीच्या सगळ्या सामानात हीच एक वस्तू अशी उरलीये जिच्यात टाकलेल्या पैशाचा पूर्ण मोबदला मिळतो. आणि मॉनिटर हा पीसी बदलला तरी टिकतो, कार्ड तीन-चार वर्षांत जुनं होतं, चांगला मॉनिटर सात-आठ वर्षं सहज काढतो.

पण मग प्रश्न येतो की आहे तेच कार्ड अजून दोन वर्षं वापरायचं असेल तर ते क्यूएचडी ओढेल का, आणि हा प्रश्न रास्त आहे. फुल एचडीमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल, क्यूएचडीमध्ये ३६.९ लाख, फोर केमध्ये ८२.९ लाख. म्हणजे क्यूएचडीला पावणेदोन पटीपेक्षा जास्त काम आणि फोर केला चौपट. माझ्या ३०६० ला सायबरपंकसारखा गेम क्यूएचडीत जसाच्या तसा अल्ट्रावर चालवायला सांगितला तर तो धापा टाकतो, हे उघड आहे. इथे डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र, कामाला येतं. क्यूएचडी मॉनिटरवर डीएलएसएस क्वालिटीला ठेवलं की कार्ड आतमध्ये फक्त ९६० पीला चित्र काढतं, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी, आणि ते वाढवून १४४० ला आणतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेलं डीएलएसएस ४ चं नवं मॉडेल २० सिरीजपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं, आणि माझ्या डोळ्यांना तरी हे चित्र जुन्या फुल एचडी मॉनिटरवरच्या मूळ चित्रापेक्षा स्वच्छ वाटतं. त्यामुळे ३०६० वाल्याने घाबरू नये. ८ जीबीचं कार्ड असेल तर टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणा, बस.

जीटीएक्स १६५० किंवा १६६० वाल्यांना मात्र मी हा सल्ला देणार नाही. त्या कार्डांवर डीएलएसएस चालत नाही, आणि क्यूएचडी स्क्रीनवर गेम फुल एचडीला उतरवून खेळलात तर चित्र भुरकट दिसतं, कारण एका पिक्सेलचे १.३३ पिक्सेल करताना सगळं सारखं वाटून बसत नाही. तुम्ही व्हॅलोरंट, सीएस२ असे हलके शूटर गेमच खेळत असाल तर २४ इंची फुल एचडी १८० हर्ट्झचा आयपीएस घ्या, दहा हजारांच्या आसपास काम होतं, आणि खेळायला मजा येते.

फक्त एक गोष्ट करा, घेतल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने वाढवा. नाशिकला माझ्या मामेभावाकडे गेलो होतो, त्याने मोठ्या हौसेने १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला, म्हणाला, "दादा, मला तर काहीच फरक दिसत नाहीये, पैसे गेले." उघडून बघितलं तर विंडोज ६० वर, आणि केबल जुन्या मॉनिटरची कुठली तरी एचडीएमआय. खोक्यातली डीपी (डिस्प्लेपोर्ट) केबल तशीच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. ती लावली, १६५ निवडलं आणि त्याला नुसता माउस गोल फिरवायला सांगितलं, पुढची पाच मिनिटं तो माउसच फिरवत बसला होता. असे कितीतरी मॉनिटर आजही लोकांच्या घरी ६० वर चालत असतील. त्याच वेळी एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये जी-सिंकही (कार्ड आणि मॉनिटरचा वेग जुळवणारी सोय) चालू करून टाका, २०१९ पासून फ्रीसिंकच्या, म्हणजे एएमडीच्या तशाच सोयीच्या, मॉनिटरवरही ते चालतं.

व्हीए पॅनेलबद्दल, म्हणजे एलसीडीच्याच दुसऱ्या प्रकाराबद्दल, थोडक्यात. वक्र स्क्रीनचे स्वस्त क्यूएचडी मॉनिटर बहुतेक व्हीए असतात, काळा रंग आयपीएसपेक्षा खूप खोल, कॉन्ट्रास्ट साधारण तीन हजारास एक, सिनेमा बघायला मस्त. पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या जागेत कॅमेरा फिरवला की गडद गोष्टींमागे काळसर शेपूट ओढलं जातं, शाई पुसल्यासारखं. एल्डन रिंगच्या गुहेत टॉर्च घेऊन फिरा आणि भिंतीच्या कडांकडे बघा, एकदा दिसलं की मग ते दिसतच राहतं. जास्त करून सिनेमा-सिरीज बघत असाल तर घ्या, शूटर खेळत असाल तर नको.

आता ओलेड. ज्याच्यासाठी मी स्वतः थांबलोय, आणि ज्याच्याबद्दल लोकांना सगळ्यात जास्त समजून घ्यायची गरज आहे.

माझ्या मित्राकडे एलियनवेअरचा एडब्ल्यू२७२५डीएफ आहे, २७ इंची क्यूएचडी, ३६० हर्ट्झ, सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओलेड पॅनेल. त्याच्यावर खेळून आलो की घरच्या आयपीएसकडे बघवत नाही काही वेळ, हे खरं सांगतो. काळा म्हणजे काळाकुट्ट, कारण तिथला पिक्सेल बंदच असतो. वळताना शत्रूच्या अंगावरचा पोत सुद्धा दिसतो, आयपीएसवर तो हलताना पुसट होतो. गेमसाठी याच्याइतकं चांगलं आज काही नाही, मिनी एलईडीसुद्धा नाही.

पण मी तिथे बसून मुद्दाम एक मराठी बातमी उघडली आणि डोळे जवळ नेऊन बघितलं. क्यूडी-ओलेडमध्ये लाल, हिरवा, निळा हे तीन ठिपके एका ओळीत नसतात, त्रिकोणात असतात, हिरवा वर आणि लाल-निळे खाली. विंडोजचं अक्षर गुळगुळीत करायचं गणित मात्र तिन्ही एका ओळीत आहेत असं धरून चालतं. त्यामुळे आडव्या रेघांच्या एका कडेला हिरवट आणि दुसऱ्या कडेला गुलाबी-जांभळट छटा येते. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा कमी, तिथे हे थोडं लपतं. आपल्या देवनागरीत तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा, ओळीच्या ओळी आडव्या रेघांनी भरलेल्या, आणि त्या प्रत्येक रेघेला ही रंगीत किनार. मित्राला ते कधी खटकलंच नाही कारण तो त्याच्यावर फक्त गेम खेळतो, ऑफिसचं काम ऑफिसमध्ये. मला मात्र दहा मिनिटांत डोळ्यांवर ताण आला. परदेशी रिव्ह्यूमध्ये हा मुद्दा इंग्रजी मजकुरावर तपासलेला असतो, त्यामुळे मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने दुकानात जाऊन स्वतःच्या भाषेतलं पान उघडूनच ठरवावं असं मी आग्रहाने सांगेन.

आणि म्हणूनच थांबणं इथे कामाचं आहे. जानेवारी २०२६ च्या सीईएस या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान प्रदर्शनाच्या सुमारास एलजी डिस्प्लेने २७ इंची फोर के २४० हर्ट्झचं असं ओलेड पॅनेल आणलं ज्यात तिन्ही रंग सरळ एका ओळीत उभे आहेत, आणि सॅमसंग डिस्प्लेनेही ३४ इंची अल्ट्रावाइडमध्ये तशीच उभ्या पट्ट्यांची रचना आणली. म्हणजे अक्षरांची ही अडचण मुळातूनच सुटायच्या वाटेवर आहे. ही पॅनेल आधी महागड्या मॉडेलमध्ये येणार आणि मग हळूहळू खाली उतरणार. २०२२ साली पहिला क्यूडी-ओलेड मॉनिटर आला, एलियनवेअरचाच ३४ इंची एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू, १३०० डॉलरचा. आज आपल्याकडे २७ इंची क्यूएचडी ओलेड साधारण पन्नास-साठ हजारांच्या पट्ट्यात बघायला मिळतात. जी गोष्ट चार वर्षांत इतकी बदलते तिच्यासाठी अजून एक-दीड वर्ष काढायला काही हरकत नाही, निदान हातात चांगला क्यूएचडी आयपीएस असेल तर नक्कीच नाही.

ओलेडच्या बाबतीत आपल्या घरांना लागू पडणाऱ्या अजून दोन गोष्टी आहेत. एक, उजेड. क्यूडी-ओलेडच्या पॅनेलवर बाहेरचा उजेड शोषणारा पोलरायझरचा थर नसतो, त्यामुळे खोलीत ट्यूबलाइट लावली किंवा समोरून खिडकीचा उजेड आला की काळा रंग जांभळट-करडा दिसतो. आपल्याकडे हॉलच्या कोपऱ्यात पीसी, वर पांढरी ट्यूब आणि बाजूला गॅलरी हे चित्र सर्रास असतं, तिथे ओलेडचा निम्मा तोरा तसाच उतरतो. दोन, मेन स्विच. रात्री झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची सवय आपल्या सगळ्यांच्या घरात आई-वडिलांनी लावलेली असते आणि एरवी ती चांगलीच आहे. पण ओलेड मॉनिटर बंद केल्यावर, म्हणजे स्टँडबायमध्ये असताना, स्वतःची पिक्सेल साफसफाई करतो, काही तासांच्या वापरानंतर त्याला ती लागतेच, आणि त्यासाठी वीज चालू असावी लागते. रोज मागून बटण बंद केलंत तर ती साफसफाई होतच नाही आणि बर्न-इनचा, म्हणजे स्क्रीनवर कायमच्या खुणा उमटण्याचा, धोका वाढतो. घरात ओलेड आणलात तर त्या एका बटणाला हात लावायचा नाही हे सगळ्यांना सांगून ठेवा.

बर्न-इनची भीती मात्र काही जण फारच घेतात. नुसते वेगवेगळे गेम खेळणाऱ्याला तिचं फार मनावर घ्यायची गरज नाही. खालचा टास्कबार, बाजूबाजूला उघडलेल्या दोन विंडोंमधली फट, एक्सेलच्या रेघा, असं एकाच जागी दिवसचे दिवस थांबणारं चित्र असेल तर खुणा उमटतात. मॉनिटर्स अनबॉक्स्ड या चॅनेलने एमएसआयचा फोर के ओलेड मुद्दाम ऑफिसच्या कामाला जुंपून त्याचे अहवाल दाखवलेत, ओलेड घेणाऱ्याने ते आधी बघावेत. आणि वॉरंटीत बर्न-इनचा स्पष्ट उल्लेख आहे का, तो भारतातल्या वॉरंटीत आहे का, हे लेखी बघा. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला किंवा मैत्रिणीला सांगून मॉनिटर मागवायचा विचार असेल तर याच कारणासाठी करू नका, तिथली वॉरंटी इथे उपयोगी पडेलच असं नाही, आणि पॅनेल गेलं की अख्खा मॉनिटर गेला.

कधी घ्यायचा, याबद्दल माझं म्हणणं एवढंच की मोठे सेल नवरात्र-दिवाळीच्या सुमारास येतात, २०२५ मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांचेही २३ सप्टेंबरला सुरू झाले होते. सेलला महिना-दीड महिनाच उरला असेल तर जरूर थांबा, कार्डावरची सूट धरून दोन-तीन हजारांचा फरक पडू शकतो. पण आत्ता उन्हाळा चालू असेल आणि तुम्ही दसऱ्याची वाट बघत असाल तर ते पाच-सहा महिने कशासाठी? घरी मुहूर्तावर वस्तू घ्यायची पद्धत असेल तर साडेतीन मुहूर्तांमध्ये पाडवा आणि अक्षय्य तृतीया आहेच की.

मुंबईकरांनी एकदा लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराला चक्कर मारावी. ऑनलाइन भावाचा स्क्रीनशॉट मोबाइलवर ठेवा आणि सरळ विचारा, "दादा, याच्या जवळ येताय का?" कधी येतात, कधी नाही, पण मोठा फायदा असा की मॉनिटर समोर लावून बघता येतो. आयपीएसमध्ये एकाच मॉडेलच्या दोन पीसमध्येही कोपऱ्यांतला उजेड कमी-जास्त असतो, फोटो बघून ते कळत नाही. बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, त्यावर सिरीयल नंबर असू द्या. "वॉरंटी आमची, काळजी करू नका" असं कोणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा, वॉरंटी कंपनीची हवी आणि भारतातली हवी.

ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून स्क्रीन चालू होईपर्यंत. मग लगेच त्याच संध्याकाळी पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी एकेक पूर्ण स्क्रीन लावून डेड पिक्सेल तपासा, काळी असताना खोलीतले दिवे बंद करून कोपरे बघा. एखाद-दुसरा पिक्सेल मेलेला असेल तर कंपनी वॉरंटीत बदलून देईलच असं नसतं, प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, म्हणून दुकानाची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत हे सगळं उरकायचं. खोकं आणि आतला थर्माकोल निदान तोपर्यंत तरी टाकू नका, घरात कितीही जागा अडली तरी.